ब्लॉक हीटर बदलण्याआधी करंट कुठे उतरतोय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सॅस्काटूनमध्ये अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये उभा असणारा २०१४ चा राम २५००, इंजिन ६.७ लिटर कमिन्स डिझेल. सेकंडहँड घेतलेला, मालकाचा कॅनडातला पहिलाच हिवाळा. उणे ३२ ला रात्रभर ब्लॉक हीटरचा (इंजिनातलं कूलंट विजेवर गरम ठेवणारा हीटर) प्लग पार्किंगच्या खांबावर लावून ठेवला, तरी सकाळी सेल्फ जड फिरला, थोडा पांढरा धूर आला आणि गाडी काही चालू झाली नाही. एका मित्राने मल्टिमीटर लावून पाहिला. प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये १९-२० ओहम आले, म्हणून तो म्हणतो हीटर ठणठणीत आहे. पण त्याच मित्राच्या गॅरेजमध्ये प्लग लावला की पाच-दहा मिनिटांत जीएफसीआय (करंट गळला की वीज तोडणारं आउटलेट) पडतो. मेकॅनिक म्हणतो हीटर बदलून टाका. आता खरं कुणाचं, आणि पैसे घालण्याआधी स्वतःला काय तपासता येईल? आणि एक्स्टेंशन कॉर्ड किती जाडीची हवी?

मी एडमंटनजवळ निस्कूला डिझेल ट्रकांची दुरुस्ती करतो. शिकलो पिंपरीत, तिथे थंडीत गाडी चालू होत नाही म्हणजे बॅटरी बघायची एवढंच माहीत होतं. इथे नोव्हेंबर लागला की ब्लॉक हीटरच्या तक्रारी सुरू होतात आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या नवा हीटर बसवून झाल्यावर आमच्याकडे येतात, दुखणं जिथल्या तिथे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा मित्र आणि तुमचा मेकॅनिक, दोघंही अर्धं बरोबर आहेत. मित्राच्या मीटरने एवढंच सांगितलं की एलिमेंटची, म्हणजे हीटरमधल्या तापणाऱ्या रॉडची, तार तुटलेली नाही. तुमच्या इंजिनाचा मूळ हीटर १२० व्होल्टला ७५० वॅटचा असतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट केलं की १९.२ ओहम येतात. म्हणजे तुमचं रीडिंग अगदी पुस्तकातलं आहे. या तारेचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे थंड हीटरवर घेतलेलं मापही भरवशाचं असतं. पण जीएफसीआय वेगळीच गोष्ट मोजतो. एका पिनमधून गेलेला करंट दुसऱ्या पिनमधून तेवढाच परत आला का, हे तो बघतो. साधारण ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की तो तोडतो. भारतात घरात आपण जो आरसीसीबी बसवतो तो सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो, त्यामुळे इथला जीएफसीआय आपल्याला उगाच नाजूक वाटतो. तो नाजूक नाही, तो काम चोख करतोय. तुमच्या हीटरची तार शाबूत आहे आणि तरीही कुठेतरी बॉडीला करंट उतरतोय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता यातून तुमच्या सकाळच्या गार इंजिनाचंही उत्तर मिळतं असं मला वाटतं. मित्राच्या गॅरेजमध्ये जीएफसीआय तुमच्या डोळ्यांसमोर पडतो. पार्किंगच्या खांबावरही तसलंच संरक्षण असेल, तर तेही प्लग लावल्यावर दहा मिनिटांत पडत असणार. फक्त ते खांबाच्या झाकणाखाली किंवा इमारतीच्या तळघरातल्या पॅनलमध्ये असतं आणि तुम्ही तोवर वर जाऊन झोपलेले असता. गाडी रात्रभर प्लगला लावलेली दिसते, प्रत्यक्षात दहा मिनिटंच वीज मिळालेली असते.

हा अंदाज आहे, आणि तो तुमच्या खांबावर अवलंबून आहे. कॅनडाच्या प्रेअरी भागात बऱ्याच पार्किंगमध्ये वीज सलग दिलेली नसते. पंधरा-वीस मिनिटं चालू, तेवढीच बंद, अशी आलटून पालटून देतात. काही ठिकाणी ठरावीक थंडी पडेपर्यंत खांब मेलेलाच असतो. त्यामुळे एकदा टेस्टर लावून वीज दिसली नाही म्हणजे खांब खराब, असं धरू नका, आणि एकदा दिसली म्हणजे रात्रभर होती असंही नाही. इमारतीच्या व्यवस्थापकाला सरळ विचारा: वीज सलग आहे की आलटून, किती तापमानाला सुरू होते, आणि माझ्या खांबावर जीएफसीआय आहे का, असेल तर कुठे. हा फोन सगळ्यात स्वस्त तपासणी आहे.

दुसरी तपासणी सकाळी गाडीतच होते. साधा ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, लावा. चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि कूलंटचं तापमान व बाहेरच्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर वीज मिळाली नसेल तर दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. मिळाली असेल तर कूलंट बरंच वर असतं. किती वर, ते वारा, उघडी जागा आणि ग्रिलवर कव्हर आहे की नाही यावर ठरतं. उणे ३० च्या शांत रात्रीनंतर तुमच्या इंजिनात कूलंट शून्याच्या आसपास किंवा वर दिसलं तर हीटरने काम केलंय असं मी धरतो. विंड चिलचा (वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा) आकडा मात्र इथे मोजू नका. वारा इंजिनाला हवेपेक्षा थंड करत नाही, तो फक्त हीटरची उष्णता भराभर पळवतो.

आता गळती शोधू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरीवर अर्धा संशय गळून पडतो.

आधी गॅरेजमधल्या त्या जीएफसीआयवर, त्याच एक्स्टेंशन कॉर्डने, दुसरं काहीतरी जड लावा. पाण्याची किटली किंवा हेअर ड्रायर चालेल. दहा-पंधरा मिनिटं चालवून पाहा. पडला नाही तर आउटलेट आणि एक्स्टेंशन संशयातून सुटले. पडला तर तुमच्या ट्रककडे बघायचं कारणच नाही. जुने जीएफसीआय आणि बर्फात पडून राहिलेली एक्स्टेंशन कॉर्ड, दोघंही बदनाम आहेत.

मग ट्रकच्या बाजूला या. सगळीकडून वीज काढलेली असताना मीटरचं एक टोक प्लगच्या गोल पिनला, म्हणजे अर्थला, आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या धातूला लावा. एक ओहमच्या आत यायला हवं. इथे रीडिंगच आलं नाही तर काम तिथेच थांबवा. कॉर्डची अर्थ तुटलेली आहे आणि हीटर गळतोय, म्हणजे ट्रकची बॉडी जिवंत होऊ शकते. ट्रक रबरी टायरवर उभा असतो. करंटला जमिनीत जायला वाट म्हणजे दाराला हात लावणारा माणूस, पायाखाली ओला बर्फ. अशी कॉर्ड पुन्हा कुठल्याही आउटलेटला लावायची नाही. गोल पिन कापून टाकली की जीएफसीआय पडत नाही, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. कृपा करून तो ऐकू नका. गळती तशीच राहते, तिची सुरक्षित वाट तेवढी बंद होते.

अर्थ ठीक असेल तर चपट्या पिनांपैकी प्रत्येक पिन आणि गोल पिन यांच्यामध्ये मोजा. मीटर सर्वात वरच्या रेंजवर ठेवा. तिथे अनंत किंवा निदान कित्येक मेगाओहम यायला हवेत. काही शे किलोओहम किंवा त्याहून कमी आलं तर गळती सापडली, फक्त जागा ठरवायची राहिली.

इथे तुमची फसगत होण्याची शक्यता आहे. उणे ३२ मध्ये उभ्या ट्रकवर हे माप बहुतेक वेळा स्वच्छ येतं. गोठलेलं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. शिवाय मल्टिमीटर तपासतो काही व्होल्टवर आणि हीटर चालतो १२० वर. प्लग लावल्यावर हीटरजवळचं बर्फ वितळतं, रस्त्यावरच्या मिठाचं पाणी पिनांमध्ये पसरतं आणि तेव्हा गळती सुरू होते. तुमचा जीएफसीआय लगेच न पडता पाच-दहा मिनिटांनी पडतो, हे मला याच दिशेला नेतं. म्हणून हे माप दोनदा घ्या: एकदा गार असताना, आणि एकदा जीएफसीआय पडल्यावर प्लग काढून लगेच. दोन्हीत फरक आला तर ओलावा हे कारण जवळजवळ पक्कं. आम्ही शॉपमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारं मीटर) लावतो, त्यात हे सगळं पहिल्या झटक्यात उघडं पडतं. तुम्ही मेकॅनिककडे गेलात तर मेगर लावून रीडिंग सांगा म्हणा. जो मेगर न लावता थेट एलिमेंट बदला म्हणतो, त्याला असं का ते तरी विचारा.

जागा ठरवायची तर कॉर्ड आणि हीटर वेगळे करा. तुमच्या इंजिनात कॉर्ड हीटरच्या टोकाला सॉकेटसारखी बसते, ती सोडवून काढता येते. प्लग आउटलेटमधून काढलेला आहे याची खात्री करूनच हात घाला. कॉर्ड सुटी झाली की तिचं मोकळं टोक कोरडं आणि धातूपासून लांब बांधा, आणि फक्त कॉर्ड जीएफसीआयला लावा. त्या टोकात आता १२० व्होल्ट आहेत, त्याला हात लावायचा नाही. तेवढ्यानेच पडला तर दोष कॉर्डचा. नाही पडला तरी कॉर्ड अजून पूर्ण निर्दोष ठरली नाही, कारण ती तापलेली किंवा ओली नाही. तेव्हा तिच्यावरून डोळे फिरवा: बंपरमधून बाहेर येते तिथे, वळते तिथे, एक्झॉस्टजवळून जाते तिथे. साधं प्लॅस्टिक आवरण उणे ३० मध्ये वाकवलं की आडव्या बारीक भेगा पडतात. उंदरांनी कुरतडलेल्या कॉर्डही कमी नसतात, विशेषतः शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या.

आणि मग त्या जोडाकडे बघा. टॉर्च धरून, नीट, वेळ देऊन. चांगल्या हीटरच्या पिना पितळी, एकसारख्या चमकतात. बिघडलेल्या जोडात बहुतेक वेळा एक पिन बरी असते आणि दुसरीवर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो. तिच्या मुळाशी प्लॅस्टिकवर तपकिरी कडं दिसतं. कधी त्या पिनपासून अर्थच्या पिनकडे केसाएवढी काळी रेघ गेलेली असते. ती रेघ म्हणजे जळून कोळसा झालेलं प्लॅस्टिक, आणि कोळसा वीज वाहून नेतो. कितीही पुसलं तरी ती रेघ पुन्हा पेटते. रेघ कॉर्डच्या बाजूला असेल तर कॉर्ड बदला, हीटरच्या बाजूला असेल तर हीटर. नुसता थर असेल आणि रेघ नसेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून, पूर्ण वाळवून, थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावून परत घट्ट बसवा. हा जोड अर्धवट बसलेला असणं हेही नेहमीचं कारण आहे. तेल बदलताना कुणाचा तरी हात लागतो आणि तो सैल होतो.

या जोडाबद्दल मी एवढं लिहितोय ते उगाच नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतले सुमारे ८ लाख ७४ हजार पिकअप ब्लॉक हीटरच्या कॉर्डसाठी परत बोलावले: २०१५ ते २०१९ चे एफ-१५० आणि २०१७ ते २०१९ चे सुपर ड्यूटी. कॉर्डमधल्या जोडात पाणी आणि घाण शिरून गंज, त्यातून शॉर्ट आणि आगीचा धोका, असं कारण होतं. तुमचा ट्रक त्यात नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाचा असेल तर गाडीचा विन (चेसिस) नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघा. जीएमच्या ड्युरामॅक्स डिझेल इंजिनवाल्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवतो. जीएमच्या मूळ कॉर्डमध्येच थर्मोस्टॅट असतो आणि हवा साधारण उणे १८ च्या वर असेल तर तो करंट जाऊच देत नाही. उबदार शॉपमध्ये अशा कॉर्डवर मोजलं तर तुटलेला हीटर दिसतो, आणि चांगले हीटर त्यापायी काढून फेकले जातात.

समजा कॉर्ड आणि जोड दोन्ही स्वच्छ निघाले आणि कॉर्ड काढल्यावर थेट हीटरच्या पिना व ब्लॉक यांच्यात गळती दिसली. मग एलिमेंटचं बाहेरचं आवरण फुटलंय, कूलंट आत शिरलंय आणि मेकॅनिकचं म्हणणं खरं. पण तो का फुटला हे विचारल्याशिवाय नवा बसवू नका. एलिमेंट हा बादलीत सोडायच्या पाणी तापवायच्या रॉडचाच भाऊ आहे, कोरडा तापला की मेला. मागच्या मालकाने कूलंट बदललं असेल आणि हवा नीट काढली नसेल, तर एलिमेंटभोवती हवेचा फुगा राहतो. किंवा कूलंट फार घट्ट असेल. थंडी जास्त म्हणून काही जण शुद्ध अँटिफ्रीझ भरतात, आणि तिथे उलटंच होतं. शुद्ध इथिलिन ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं, अर्धं पाणी घातलं की उणे ३७ पर्यंत टिकतं, ६० टक्के ग्लायकॉल असेल तर उणे ५० च्याही खाली. शिवाय घट्ट कूलंट उष्णता वाहून न्यायला कमी पडतं आणि एलिमेंटवर थर बसतो. रिफ्रॅक्टोमीटरने (कूलंटमधलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणारं उपकरण) एकदा मोजून घ्या. गळती बंद करायची पावडर किंवा द्रव कुणी रेडिएटरमध्ये ओतला असेल तर तोही एलिमेंटवरच जाऊन बसतो.

नवा एलिमेंट बसवताना ब्लॉकमधलं बसायचं तोंड स्वच्छ हवं, ओ-रिंगला कूलंट चोपडलेलं हवं आणि घट्ट करायचं ते मॅन्युअलमधल्या टॉर्कला. कूलंट भरल्यावर इंजिन पूर्ण तापवून, गार करून, लेव्हल बघून मगच हीटरला वीज द्या. हातात धरून तापतो का बघू म्हणत प्लग लावला तर नवा कोरा एलिमेंट काही सेकंदांत जातो. वीज दिल्यावर कान ब्लॉकजवळ न्या. मिनिट-दोन मिनिटांत पाणी उकळायला लागण्याआधी येतो तसा बारीक सूं-सूं आवाज यायला हवा.

एक्स्टेंशनबद्दलही विचारलंय. तुमच्या ७५० वॅटला साधारण सव्वासहा अँपिअर लागतात, त्यामुळे थंडीसाठी बनवलेली १४ गेजची कॉर्ड पुरते (गेजचा आकडा लहान तेवढी तार जाड). मोठ्या ट्रकांचे हीटर १५०० वॅटचे असतात, साडेबारा अँपिअर. त्यांना ३० मीटरची १६ गेजची बारीक कॉर्ड लावली तर जाण्या-येण्याच्या तारेत मिळून ०.८ ओहम रोध येतो, १५०० चे जेमतेम १२८० वॅट इंजिनाला मिळतात आणि शंभरेक वॅट कॉर्ड तापवण्यात जातात. गुंडाळलेली कॉर्ड तर आणखी तापते. तिथे १२ गेजच घ्या.

थोडक्यात तुमचा क्रम: व्यवस्थापकाला फोन, सकाळी कूलंटचं तापमान, जीएफसीआयवर किटली, कॉर्डची अर्थ, गार आणि गरम असताना गळतीचं माप, मग कॉर्ड सोडवून जोडाची पाहणी. इथपर्यंत मीटर, ओबीडी रीडर, किटली आणि टॉर्च यांशिवाय काही लागत नाही, आणि माझ्या अनुभवात अशी लक्षणं असली की बहुतेक वेळा दोष कॉर्डमध्ये किंवा जोडातच निघतो. कॉर्ड बदलायला कूलंट काढावं लागत नाही, म्हणून खर्चही बराच कमी.

आणखी एक शंका मात्र मनात ठेवा. उणे ३२ ला गाडी चालू न होण्याचं सगळं पाप हीटरच्या माथी मारू नका. सेल्फ जड फिरला म्हणजे बॅटऱ्या किंवा घट्ट तेल. तुमच्या ट्रकला दोन बॅटऱ्या आहेत, दोन्हींची लोड टेस्ट वेगवेगळी करा, एक मेलेली दुसरीला ओढते. इंजिनात १५डब्ल्यू-४० तेल असेल तर थंडीत जास्त पातळ राहणारं ५डब्ल्यू-४० सिंथेटिक टाका. सेल्फ जोरात फिरतोय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. ते फिल्टरमध्ये मेणासारखं थिजलेलं असतं, आणि ब्लॉक हीटर टाकीतल्या किंवा फिल्टरमधल्या डिझेलला ऊब देत नाही. पांढरा धूर आला म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटायला उष्णता कमी पडतेय. तुम्हाला जड सेल्फ आणि पांढरा धूर दोन्ही दिसले, म्हणजे हीटरसोबत बॅटऱ्याही तपासायच्या, आणि इनटेकमधला (इंजिनात हवा शिरते त्या वाटेतला) ग्रिड हीटर, म्हणजे आत येणारी हवा तापवणारा हीटर, चालतोय का तेही.

दुरुस्ती होईपर्यंत रात्री मित्राच्या गॅरेजमध्ये गाडी आत उभी करता आली तर तीच सोय सर्वांत चांगली, प्लग न लावता. बाहेरच ठेवावी लागली तर बॅटऱ्या काढून घरात आणा, सकाळी लावा, चावी ऑन करून वेट टू स्टार्टचा दिवा (ग्रिड हीटर तापेपर्यंत थांबा सांगणारा) पूर्ण विझू द्या, आणि नाहीच झाली तर दिव्याचं ते चक्र पुन्हा एकदा करून मग सेल्फ मारा. ईथरचा स्प्रे इनटेकमध्ये मारू नका. तुमच्या इंजिनात हवेच्या वाटेवरच लालबुंद ग्रिड हीटर असतो, ईथर तिथेच पेटतं आणि इनटेक फुटू शकतो. जीएफसीआय नसलेलं आउटलेट शोधून हाच हीटर तिथे लावायचा मोहही होईल. गळतीची जागा सापडेपर्यंत ते करायचं नाही, मग सकाळी कामावर बसने जावं लागलं तरी चालेल.